नमुन्याचा वासा

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, हा आपल्या भाषेचा जुना दंडक आहे. बडा घर पोकळ वासा, आणि घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही त्याच कुळातील आणखी दोन वचने. म्हणींत वासा इतक्या वेळा यावा याचे नवल वाटावयास नको. अंथरुणावर पाठ टेकली की माणसाची दृष्टी प्रथम वाशांकडेच जात असे. आजारी माणसाने, बाळंतिणीने, कर्जाच्या विवंचनेने झोप उडालेल्या यजमानाने आपापल्या रात्री वासे मोजूनच काढल्या. आता सिमेंटच्या छताखाली मोजण्याजोगा पंखा तेवढा उरला आहे. या महिन्यात मात्र आम्ही वाचकांस वासे मोजावयासच सांगणार आहोत. आणि घर आपले स्वतःचे असल्याने त्यात कृतघ्नतेचा दोष मुळीच नाही.

पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन्ही तालुक्यांत शिमगा सरला की घर शाकारण्याच्या गोष्टी सुरू होतात. शिमग्यापासून मृग नक्षत्रापर्यंतचे दोन-अडीच महिने हीच छपरास हात लावण्याची मुदत. ती चुकली तर वर्ष चुकले. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वळचणीसह २० फूट रुंद आणि ३० फूट लांब अशा बेताच्या छपरावर एका वर्षात दीड लाख लिटरांहून अधिक पाणी ओतले जाते. एवढे पाणी रोज झेलून अंगणात टाकून देणारी ही वस्तू आपण वर्षभर पाहातही नाही, आणि एक कौल गळू लागले की तिला दोष देतो.

प्रथम चार शब्दांची ओळख करून घेऊ. छपराच्या माथ्यावरून लांबीभर जाणारे लाकूड ते आढे. आढ्यापासून दोन्ही अंगांस उतरणाऱ्या बाजू ती पाखी. आढ्यापासून भिंतीकडे उतरणारी, पाख्याचा भार वाहणारी लाकडे ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या त्या रिपा, आणि रिपांवर कौले. वासा भिंतीबाहेर जेथे संपतो ती वळचण. भिंतीच्या माथ्यावर, वाशांना टेकावयास बसविलेल्या आडव्या लाकडास आपण या लेखापुरते पाट म्हणू. ज्या घरास चारही अंगांनी उतार असतो, त्याच्या कोपऱ्यांत कोनवासे येतात. त्यांचे गणित वेगळे आहे आणि आज आपण त्यात शिरणार नाही. दोन पाख्यांच्या साध्या घराचा साधा वासा, एवढाच आजचा विषय.

ही उतरती कौलारू रचना आमच्या भूमीची जुनी खूण आहे. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या ज्या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला, त्याच्या अष्टकोनी बैठकीवरील घुमटाखाली उतरती कौलारू पाखीच आहेत. अलीकडे शासनाने या देवळाची दुरुस्ती करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले, तेव्हा जुने रूप राखण्याकडे लक्ष दिले गेले. पूर्वी आमच्याकडे अर्धगोल नळ्यांची शाकारणी असे. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून एकमेकांत अडकणारी चपटी मंगलोरी कौले हळूहळू सर्वत्र आली. कौल बदलले, तरी खालचा वासा तोच राहिला.

घर मरते ते बहुधा छपरावरून. माकडाने एक कौल सरकविले, तेथून पाणी वाशावर आले, वाशाच्या टोकातून पाटात उतरले, पाटाखालची मातीची भिंत भिजली, आणि भिजल्या मातीतून वाळवी वर चढली, असा हा प्रवास आहे. वरून वासा धडधाकट दिसतो. बोटाच्या पेराने ठोकला की आतून भद्द आवाज येतो. पोकळ वासा ही म्हण अशाच कोणा ठोकणाऱ्याने घडविली असावी. आमच्याकडील कित्येक जुनी घरे आज पाच-सात वारसांच्या सामाईक मालकीची आहेत. एक भाऊ मुंबईस, एक परदेशी, बहीण सासरी. वासा बदलण्याचा खर्च कोणी करावयाचा हे ठरेपर्यंत दोन पावसाळे निघून जातात. त्या वेळी वाकलेला एक वासा बदलून जे काम झाले असते, त्यासाठी पुढे संपूर्ण पाखे उतरवावे लागते, आणि तेही लांबले तर घरासच रामराम ठोकावा लागतो. म्हणून घरातील निदान एका माणसास वाशाचे गणित समजलेले असावे, असे आम्हांस वाटते. सुतारास आमच्याकडे मेस्त म्हणतात. मेस्ताचे काम मेस्तानेच करावे. पण तो काय करीत आहे हे यजमानास कळले, तर दोघांचाही मान राहतो.

जुना वासा काढला की त्याच्यावरूनच नवा कापावा, असा मोह होतो. तो टाळावा. साठ-सत्तर वर्षे भार वाहून तो वाकलेला असतो, त्याचे खालचे टोक कुजून आखूड झालेले असते, आणि भिंतीही मूळच्या जागी राहिलेल्या नसतात. मापे घराची घ्यावी. समजा, भिंतींच्या बाहेरच्या कडांपासून घर १६ फूट रुंद आणि ३० फूट लांब आहे. रुंदी एकाच ठिकाणी न मोजता दोन्ही टोकांस व मध्ये, अशी तीनदा मोजावी. नंतर समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोरी ताणून दोन्ही कर्ण मोजावे. घर काटकोनात असेल, तर दोन्ही कर्ण बरोबर ३४ फूट भरतील. कारण १६ चा वर्ग २५६, ३० चा ९००, बेरीज ११५६, आणि तिचे वर्गमूळ ३४. एक कर्ण ३४ फुटांहून जास्त व दुसरा कमी भरला, तर घर तिरके झाले आहे असे समजावे, आणि पाट बसवितानाच तो तिरकेपणा काढून टाकावा. तो वाशांवर ढकलला तर शेवटच्या कौलापर्यंत पाठ सोडीत नाही.

आता चढाव. १६ फुटांची निम्मी रुंदी ८ फूट. आढे पाटापासून ६ फूट उंच घ्यावयाचे ठरविले, तर ८ आणि ६ या दोन बाजूंचा कर्ण १० फूट. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘लीलावती’त काटकोन त्रिकोणाच्या बाजूंस भुज, कोटि आणि कर्ण म्हटले आहे. त्या भाषेत बोलावयाचे तर घराची निम्मी रुंदी हा भुज, आढ्याची उंची ही कोटि, आणि वासा हा कर्ण. त्याहूनही पुष्कळ जुन्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखण्यासाठी दोरीने हेच माप घेण्याचा विधी आहे. शाळेत हा सिद्धांत फळ्यावर शिकविताना मुलांच्या चेहऱ्यावर जो कंटाळा दिसतो, तो वर्गाच्या कौलारू छपराकडे बोट दाखविले की पुष्कळसा ओसरतो, असा आमचा अनुभव आहे. सिद्धांत डोक्यावर उभा असतो; नजर तेवढी वर करावी लागते.

एक फूट आडव्यामागे या वाशाचा चढ ९ इंच येतो. आमच्या पावसास तो चांगला मानवतो. मंगलोरी कौलांस फुटामागे सहा-सात इंचांहून कमी चढ दिला, तर वाऱ्याबरोबर आलेली सर कौलाच्या सांध्यातून आत शिरते.

वासा आखण्यासाठी मेस्ताचा मोठा लोखंडी गुण्या घ्यावा. त्याच्या एका भुजेवरील १२ इंचांची खूण व दुसरीवरील ९ इंचांची खूण, दोन्ही वाशाच्या वरच्या धारेवर टेकवाव्या. या दोन खुणांमधील अंतर १५ इंच भरते. ही एक पायरी झाली. गुण्या असाच धारेवरून पुढे सरकवीत ८ पायऱ्या मोजल्या, की ८ फूट भुज पुरा होतो आणि वाशावर १२० इंच, म्हणजे १० फूट पडतात. ९ इंचांच्या भुजेलगत ओढलेली रेघ, वासा जागेवर चढल्यावर, ओळंब्यात उभी राहते. आढ्याचा काप तिच्यावर घ्यावयाचा. १२ इंचांच्या भुजेलगत ओढलेली रेघ पाणसळीत आडवी राहते. पाटावरची बैठक तिच्यावर कापावयाची. कोन मोजण्याचे यंत्र लागत नाही, अंशांचे कोष्टकही लागत नाही.

येथे तीन गोष्टी जपावयाच्या असतात. पहिली आढ्याची. दोन्ही पाख्यांचे वासे माथ्यावर तोंडास तोंड लावून मिळत असतील, तर १० फूट हेच माप धरावे. पण त्यांच्या मध्ये तीन इंच जाडीचे आढे उभे असेल, तर त्याच्या निम्म्या जाडीइतके, म्हणजे दीड इंच, प्रत्येक वाशातून वजा करावे लागते. ही वजाबाकी आडव्या मापाने आहे. वाशाच्या धारेवर ती दीड इंच न राहता १ इंच ७ सूत होते. कारण आठ आडव्यास दहा तिरके हेच प्रमाण येथेही लागू आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

दुसरी गोष्ट पाटावरच्या खाचेची. वाशाच्या खालच्या अंगास पाटाचा कोपरा बसेल अशी त्रिकोणी खाच घेतात. बैठक जितकी रुंद तितका वासा स्वस्थ बसतो खरा, पण खाच जितकी खोल तितका तो दुबळा होतो. वाशाच्या उंचीच्या एक तृतीयांशापलीकडे खाच जाऊ देऊ नये. पाच इंच उंचीच्या वाशास अडीच इंचांची बैठक दिली, तर आपल्या चढावाला खाच दीड इंच खोल जाते, तेवढी चालते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हाताने चिरलेली लाकडे कधीच एकसारखी नसतात. कोणी पाच इंच भरते, कोणी पावणेपाच. खाचेची खोली खालच्या धारेवरून मोजीत गेल्यास प्रत्येक वाशाची पाठ वेगळ्या उंचीवर येईल, आणि पाखे लाटांसारखे दिसेल. कौले बसतात ती वाशाच्या पाठीवर. म्हणून सगळी मापे वरच्या धारेवरून घ्यावी. पाच इंचांच्या वाशाची उभ्या रेघेवरची जाडी ६ इंच २ सूत येते. खाच त्यातील १ इंच ७ सूत घेते. वर ४ इंच ३ सूत लाकूड उरते. हे ४ इंच ३ सूत प्रत्येक वाशात कायम ठेवावे, मग कमी-जास्त काय ते खाचेत जाईल. लाकडास किंचित बाक असल्यास फुगीर अंग वर करावे. भार पडल्यावर ते सरळ होते.

वळचणीचा हिशेबही याच पायऱ्यांनी होतो. भिंतीबाहेर दोन फूट वळचण हवी असेल, तर आणखी दोन पायऱ्या मोजाव्या. ते ३० इंच झाले. म्हणजे आढ्याच्या मध्यापासून वळचणीपर्यंत एकूण १५० इंच, साडेबारा फूट. लाकूड मात्र १३ फुटांचे मागवावे. दोन्ही टोकांचे काप तिरके असल्याने पाच इंच उंचीच्या वाशात पावणेचार इंच अधिक खपतात. वळचण भिंतीपासून जितकी लांब तितकी भिंत सुरक्षित, पण ती फुटामागे ९ इंच खालीही येते. दोन फुटांची वळचण पाटापेक्षा दीड फूट खाली उतरते. दाराची चौकट उंच असेल, तर पाहुण्यांच्या कपाळाचा विचार आधीच केलेला बरा. रिपांमधील अंतर दुकानात विचारून ठरवू नये, हातातील कौले जुळवून पाहून ठरवावे. ते साडेबारा इंच आले, तर १५० इंचांत बरोबर १२ ओळी बसतात. थोडे इकडेतिकडे झाले, तर वळचण बोटभर वाढवून किंवा घटवून घ्यावी. कौल कापण्यापेक्षा वासा सोयीचा करणे शहाणपणाचे.

एवढे झाले की पहिले दोनच वासे कापावे, आढ्याच्या दोन्ही अंगांस चढवून पाहावे, आणि घराच्या दोन्ही टोकांस व मध्ये ते लावून बघावे. काप आढ्यास फटीवाचून भिडला, खाच पाटावर पूर्ण टेकली, ओळंबा सरळ लागला, म्हणजे त्यातील एकावर खूण करून तो नमुना म्हणून बाजूस ठेवावा. बाकीचे सर्व वासे त्या एकावरूनच आखावे. घाईच्या कामात कापलेल्या वाशावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा आखला जातो. पेन्सिलीच्या रेघेची जाडी धरून प्रत्येक वेळी केवळ अर्धे सूत वाढले, तरी एकविसावा वासा पहिल्यापेक्षा सव्वा इंचाने लांब भरतो. आढे एका टोकास उचलले जाते, किंवा पाट बाहेर ढकलला जातो. आणि चूक कोठे झाली हे शोधू गेल्यास शेजारचे कोणतेही दोन वासे सारखेच दिसतात. वर्गात एका मुलाची वही पाहून दुसरा उतरवितो, दुसऱ्याची पाहून तिसरा. शेवटच्या बाकावर उत्तर पोहोचते तेव्हा गणित भलतेच झालेले असते. जुने जाणते मेस्त नमुन्याचा वासा छपरात सर्वांत शेवटी चढवितात, तो यासाठीच.

आता मोजणी. ३० फूट लांबीत दीड-दीड फुटांवर वासे घातले, तर गाळे २० होतात, पण वासे २१ लागतात. दोन्ही पाख्यांचे मिळून ४२. ४० मागवून मोकळे होणारे यजमान थोडे नाहीत. लाकूड माडाचे घेतल्यास पिकल्या माडाच्या बुंध्याचा बाहेरचा काळसर, कठीण भाग घ्यावा. गाभा मऊ असतो, तो वाशाच्या कामाचा नाही. या छपरास हजाराहून थोडी अधिक मंगलोरी कौले लागतात. एक कौल दोन ते तीन किलोंचे, म्हणजे कोरड्या दिवसातही दोन-तीन टन भार वाशांवर असतो. हा भार नुसता खाली दाबीत नाही. वाशांचे पाय बाहेर सरकवून भिंती उलथून टाकू पाहतो. समोरासमोरच्या भिंतींस बांधून ठेवणारी तुळई त्यासाठी असते. जुन्या घरात दुकान किंवा पाहुण्यांच्या खोल्या काढताना, खोली उंच दिसावी म्हणून तुळई कापण्याचा प्रकार अलीकडे कोठे कोठे होतो. तुळई कापणे म्हणजे पोत्याच्या तोंडाची गाठ सोडणे होय.

वारा याच्या उलट खेळ करतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा खाली दाबणारा भार सर्वांनी विचारात घेतला होता, वर उचलणारे बळ फार थोड्यांनी. वासा पाटावर नुसता टेकवून किंवा एका खिळ्यावर सोपवून चालत नाही. लोखंडी पट्टीने तो पाटास, आणि पाट बोल्टाने भिंतीस बांधलेला असावा.

कोणी म्हणेल, आता हे सारे कशास? डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून पेडण्यात सिमेंटची घरे झपाट्याने उभी राहत आहेत, डिचोलीतही वेगळे चित्र नाही. पण त्याच सपाट छपरांवर चार पावसाळ्यांनंतर लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारून पत्रे वा कौले घातलेली आपण रोज पाहतो. पावसाने आपले म्हणणे सोडलेले नाही. लाकडाच्या जागी लोखंड आले, मेस्ताच्या जागी जोडकाम करणारा आला, तरी आठास सहा आणि कर्णास दहा हे नाते तसेच आहे. तिरका काप तोच, वळचणीची उतरण तीच, आणि एका नमुन्यावरून सगळे कापण्याचा नियमही तोच. लोखंडात तर चूक अधिक महाग पडते, कारण ते रंध्याने सावरून घेता येत नाही.

गोव्याबाहेर, बडोद्यास, इंदुरास किंवा बेळगावास राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांचे एखादे मूळ घर अजूनही कोठेतरी कौलांखाली उभे असेल. सुट्टीत तेथे जाल तेव्हा देवास नमस्कार करून झाला, की एकदा वर पाहा. वासे मोजा. प्रत्येकाच्या टोकास, वळचणीपाशी, जेथे तो पाटावर टेकतो तेथे, बोटाने ठोकून पाहा. एखादा भद्द वाजला, तर भावंडांची संमती येईपर्यंत थांबू नका. आधी तेथील सरकलेले कौल जागेवर बसवा आणि वाशाखाली टेकू द्या. मग मेस्तास बोलवा, आणि तो मापे घेऊ लागला की दोरीचे दुसरे टोक आपल्या मुलाच्या हाती द्या.